‘सगळे फंड मिळतात’ म्हणजे नेमके कोणते?

माझा भाचा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला आणि दरमहा ५,००० रुपये वीस वर्षे गुंतवायचे ठरवून त्याने एका ऑनलाइन ब्रोकरकडे खाते उघडले. रविवारी तो नाशिकरोडला आमच्याकडे आला तेव्हा म्हणाला, “मामा, इथे सगळे फंड मिळतात.” मग दुपारभर आम्ही ते ‘सगळे’ तपासत बसलो.

‘फंड’ या एकाच शीर्षकाखाली म्युच्युअल फंडाच्या योजना, ईटीएफ (शेअर बाजारात शेअरसारखे खरेदी-विक्री होणारे फंड) आणि शेअर्सच्या तयार टोपल्या एकत्र मांडलेल्या होत्या. टोपली हा फंड नव्हेच. त्यातले शेअर्स आपल्या डीमॅट खात्यात येतात आणि फेरबदलासाठी केलेल्या प्रत्येक विक्रीवरील नफ्याचा कर आपल्याला लागू होतो. फंडाने आतल्या आत केलेल्या खरेदी-विक्रीचा तसा भार गुंतवणूकदारावर येत नाही.

खरी अडचण पुढे होती. त्याने निवडलेल्या योजनेच्या नावात बारीक अक्षरांत ‘रेग्युलर’ असे लिहिलेले होते. १ जानेवारी २०१३ पासून फंड कंपन्यांना त्याच योजनेचा ‘डायरेक्ट’ प्लॅनही द्यावा लागतो, ज्यात वितरकाचे कमिशन नसते. रेग्युलरमधील कमिशन मात्र योजनेच्या खर्चातून जाते आणि तो खर्च रोजच्या एनएव्हीतच (फंडाच्या एका युनिटच्या किमतीतच) वजा झालेला असल्याने कोणत्याही बिलावर दिसत नाही. हे कमिशन वाचल्यामुळे वार्षिक परतावा १० ऐवजी ११ टक्के धरला, तर त्याच हप्त्याचे वीस वर्षांनी सुमारे ३८ लाखांऐवजी ४३ लाखांवर होतात. हा आकडा पाहून तो बराच वेळ काही बोलला नाही.

मग आम्ही ॲम्फी या म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावरून डायरेक्ट ग्रोथचा (नफा वाटून न देता योजनेतच ठेवणाऱ्या पर्यायाचा) आयएसआयएन हा ओळख क्रमांक घेतला, कारण प्रत्येक प्लॅनचा आणि पर्यायाचा क्रमांक वेगळा असतो, आणि तो ॲपमध्ये शोधला. तो तिथे नव्हता. त्या ब्रोकरकडे केवळ रेग्युलर प्लॅनच होते. ईटीएफ होते, पण काहींचे रोजचे व्यवहार इतके तुरळक होते, की विकायच्या दिवशी योग्य भावाचा ग्राहक मिळेल याची मला खात्री वाटेना.

अखेर त्याने फंड कंपनीच्या संकेतस्थळावरूनच डायरेक्ट ग्रोथमध्ये एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक, सुरू केली आणि हप्त्याची तारीख पगारानंतरची ठेवली.