झोपल्या जागेवरचा ओला डाग

काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागेत रात्रीच्या जागलीला असलेली गावठी कुत्री असो, नाहीतर श्वान पथकातून निवृत्त होऊन नागपुरात कोणाच्या अंगणात आलेली लॅब्रॅडॉर असो. नऊ-दहा वर्षांची झाली की एखाद्या सकाळी ती उठून गेल्यावर गोणपाटावर बशीएवढा ओला डाग दिसतो. "म्हातारी झाली, आता व्हायचंच" असं म्हणून गोणपाट उन्हात टाकलं जातं आणि दोन-तीन महिने तसेच निघून जातात. माझा आक्षेप त्या "व्हायचंच"ला आहे. वयामुळे लघवी गळत नाही. लघवी गळायला लावणारी कारणं वयात वाढतात, आणि त्यातली बरीचशी औषधाने आटोक्यात येतात. जन्मभर राखण केलेल्या जनावराला त्यासाठी दाराबाहेर काढायची काहीच गरज नसते.

आधी ओल कोणत्या प्रकारची आहे ते बघा. जागेपणी कुत्री व्यवस्थित बसून लघवी करते, धार नेहमीसारखी आहे, पण गाढ झोपेत किंवा आडवी पडल्यावर खाली ओल येते आणि तिला स्वतःला पत्ताही नसतो, हा एक प्रकार. वारंवार बसते, थेंब-दोन थेंब येतात, कण्हते, लघवी लालसर आहे, हा दुसरा. यात संसर्ग किंवा खडा असू शकतो. आपल्याकडे लाल लघवीत गोचीड तापही डोक्यात ठेवावा, कारण त्यात रक्तातल्या प्लेटलेट उतरतात. म्हणून लघवीबरोबर रक्ताचीही तपासणी करून घ्यावी. तिसऱ्या प्रकारात डाग नाही, तळंच साचतं, आणि भांडंभर पाणी दुपारपर्यंत संपलेलं असतं. चौथ्यात मागचे पाय ओढले जातात, शेपूट लुळी पडते, फिरता फिरता थेंब सांडतात. हा मणक्याचा मामला असतो. पाचवा प्रकार बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: कंबर आणि गुडघे आखडलेली कुत्री वेळेत उठूच शकत नाही. तिला लघवी कळते, धरवते, पण उठेपर्यंत उशीर होतो. तिला लघवीचं औषध नको, सांधेदुखीवर उपचार हवा. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात कुत्री हे करून दाखवत नाही आणि आपल्या वर्णनात अंदाज मिसळतो.

पाणी किती पिते ते तीन दिवस मोजा. सकाळी लिटरच्या बाटलीने मोजून भांडं भरायचं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजायचं. नागपूरच्या उन्हाळ्यात यात एक गोम आहे: मे महिन्यात भांड्यातलं पाणी नुसतं उडूनही जातं. म्हणून तेवढ्याच तोंडाचं दुसरं भांडं शेजारी जाळीखाली ठेवा, त्यात जेवढी घट होईल तेवढी वजा करा. घरात दुसरी जनावरं असतील तर या कुत्रीला त्या तीन दिवसांपुरतं वेगळं पाजा. दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर, म्हणजे ३० किलोची कुत्री ३ लिटरच्या वर जात असेल, तर मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, कुशिंग (अंगात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार) आणि गर्भाशयातला पू यांचा शोध घ्यावा लागतो. पारा ४५च्या पुढे असताना बाहेर काम करणारी कुत्री जास्त पिणारच, म्हणून हे मोजमाप शक्यतो कूलरच्या खोलीत, कामाला सुट्टी देऊन करावं. खाजेसाठी प्रेडनिसोलोनसारख्या गोळ्या चालू असतील तर तहान त्यानेही वाढते. त्या गोळ्या मनाने एकदम बंद करू नका. डोस कसा उतरवायचा ते डॉक्टरांना विचारा.

लघवीचा नमुना सकाळचा पहिला, पाणी पाजण्याआधीचा घ्यावा. लांब दांड्याचं स्वच्छ ओगराळं गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचं, कुत्री बसली की मागून हळूच सरकवायचं, आणि पहिली धार जाऊ देऊन मधली धरायची. मेडिकलमधून आणलेल्या निर्जंतुक डबीत भरून लगेच न्यायची. अर्ध्या तासात पोहोचणं जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवायची. दवाखान्यात विशिष्ट गुरुत्व, म्हणजे लघवी किती दाट आहे ते, रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या उपकरणावर बघायला सांगा. लघवीत बुडवायच्या पट्टीवरचा तो आकडा कुत्र्यांत चुकतो, आणि पट्टीवरची पांढऱ्या पेशींची खूणही भरवशाची नसते. १.०३०च्या वर आकडा आला तर मूत्रपिंडं लघवी दाट करत आहेत. पुन्हा पुन्हा १.००८ ते १.०१२ येत राहिला तर मूत्रपिंडाची पुढची तपासणी लांबवू नये. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, करायचं असेल तर ओगराळ्यातली लघवी चालत नाही. डॉक्टर पोटातून सुईने घेतात. ऐकायला भीती वाटते, पण काम मिनिटाभराचं असतं आणि चुकीच्या अँटिबायोटिकचे दोन कोर्स वाचतात. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जाणार असाल तर व्हिडिओ, पाण्याची वही आणि चालू औषधांची पाकिटं सोबत न्या.

इथे एक गोष्ट आधी. कुत्रीची नसबंदी झालेली नसेल, माज येऊन एक-दोन महिने झाले असतील, आणि ती खूप पाणी पिते, खात नाही, उलट्या करते, मागून घाण वासाचा स्राव येतो, तर हे लघवी गळणं नव्हे. गर्भाशयात पू झालेला असू शकतो. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर स्राव दिसतही नाही, फक्त पोट फुगतं आणि कुत्री मलूल होते. त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या. शेतावरच्या बहुतेक राखणदार कुत्र्यांची नसबंदी झालेली नसते, म्हणून आपल्याकडे ही शंका सगळ्यात आधी फेडून घ्यावी.

नसबंदी झालेल्या कुत्रीत झोपेत गळण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली स्नायूंची कडी सैल पडणं. नसबंदीनंतर इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन कमी झालं की ही कडी आवळून धरायला कमी पडते. उभी असताना निभावतं, आडवी पडली की मूत्राशयावर दाब येतो आणि झिरपायला लागतं. नसबंदीनंतर काही महिन्यांनी किंवा कित्येक वर्षांनीही हे सुरू होऊ शकतं. २० किलोंच्या वरच्या कुत्र्यांत, त्यातही डॉबरमन, रॉटवायलर, बॉक्सर यांच्यात जास्त. काम सुटल्यावर चढलेलं वजन त्यात भर घालतं. हात फिरवल्यावर फासळ्या सहज लागत नसतील तर आधी खुराक कमी करा.

यावर डॉक्टर मुख्यतः दोन औषधांचा विचार करतात. पहिलं फेनिलप्रोपॅनोलअमाइन, ती कडी आवळून धरायला मदत करणारं: साधारण किलोमागे १ ते १.५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, काहींना तीनदा. ३० किलोच्या कुत्रीला एका वेळी ३० ते ४५ मिलिग्रॅम. गुण दिसायला काही दिवस लागतात आणि डोस चुकला की गळणं परत येतं. ते रक्तदाब वाढवतं, म्हणून आधी आणि सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांनी रक्तदाब मोजावा, मग दर काही महिन्यांनी. हृदय, मूत्रपिंड किंवा मधुमेहाचा त्रास असेल तर फार जपून. बेचैनी, धाप आणि भूक मंदावणं हे त्याचे त्रास; आपल्याकडे उन्हाळ्यात धाप उन्हाची की औषधाची ते कळत नाही, म्हणून सावलीत शांत बसलेली असतानाची धाप बघा. दुसरं एस्ट्रिओल, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच जातीचं हार्मोन. त्याचा डोस वजनावर ठरत नाही; सुरुवात करून, गळणं थांबलं की कमीत कमी डोसवर उतरवत आणतात. योनीमुख सुजणं, स्तन फुगणं, नर मागे लागणं हे दिसलं तर डोस जास्त होतोय. नसबंदी न झालेल्या कुत्रीला ते देत नाहीत. बायकांच्या हार्मोनच्या गोळ्या घरच्या घरी देऊ नका, जास्त इस्ट्रोजेनने कुत्र्याचा अस्थिमज्जा रक्त तयार करणं थांबवू शकतो. सर्दीच्या गोळ्याही नकोत, त्यात बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं आणि ते कुत्र्याला बाधू शकतं. औषध पुरलं नाही तर शस्त्रक्रियेचे मार्ग आहेत, पण त्याआधी निदान पुन्हा तपासावं.

आता सगळ्यात मोठी चूक. "संध्याकाळनंतर पाणी ठेवू नका, रात्री कोरडी राहील" हा सल्ला सर्रास दिला जातो. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत नागपुरात रात्रसुद्धा तापलेली असते. मूत्रपिंड अधू असलेल्या म्हाताऱ्या कुत्रीचं पाणी तोडणं म्हणजे तिला उष्माघाताकडे ढकलणं. पाणी चोवीस तास समोर असू द्या. बदलायची ती बाहेर नेण्याची वेळ. दिवसा दर तीन-चार तासांनी, प्रत्येक झोपेनंतर लगेच, आणि आपण झोपण्याआधी शेवटची एक फेरी. जागलीच्या कुत्रीला साखळीला बांधून ठेवत असाल तर ती रात्रभर आपल्याच ओलीत पडते. कुंपण असेल तर सोडा, नसेल तर साखळी एवढी लांब ठेवा की झोपायची जागा आणि लघवीची जागा वेगळी राहील.

अंथरूण म्हणून नायलॉनच्या पट्टीची बुटकी बाज उत्तम: उंची वीतभर, म्हणजे आखडलेल्या कुत्रीलाही चढता येते, आणि लघवी खाली निथळते. खाली वाळू किंवा धुता येईल असा पत्रा. वर एक सुती चादर. घरात असेल तर मेडिकलमध्ये मिळणारं ६० बाय ९० सेंटिमीटरचं अंडरपॅड. ताडपत्री किंवा प्लॅस्टिक थेट अंगाखाली नको, लघवी तिथेच साचते आणि कातडी भिजत राहते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा ओली कुत्री गारठते. रात्री एकदा चादर बदलावी लागते. जमीन साध्या पाण्याने धुऊन मग डिटर्जंट लावा. फरशीचं काळं फिनाइल कुत्र्याच्या जागेत वापरू नका, आणि ब्लीच लघवीवर ओतू नका, त्यातून घातक वायू सुटतो.

मांड्यांच्या आतली आणि योनीभोवतालची कातडी दिवसातून दोनदा कोमट पाण्याने धुऊन नीट टिपून घ्या. केस ट्रिमरने बारीक करा, कात्रीने नाही. लालसरपणा असेल तर क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक: २ टक्क्यांचं द्रावण असेल तर एक लिटर पाण्यात २५ मिली. वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. बाळांच्या रॅशवरची झिंक ऑक्साइडची क्रीम लावू नका; कुत्री ती चाटते आणि झिंक पोटात जाऊन विषबाधा होते.

पावसाळ्यात याहून जास्त सावध राहायचं. ओल्या, वास येणाऱ्या कातडीवर माश्या अंडी घालतात, एक-दोन दिवसांत किडे पडतात, आणि शेपटीखाली केस असल्याने ते उशिरा दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ-संध्याकाळ शेपूट उचलून उजेडात बघा. किडे दिसले तर पेट्रोल, फिनाइल ओतू नका, त्या नाजूक जागेची कातडी भाजते. थेट दवाखाना गाठा. याच दिवसांत लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा) धोका असतो आणि तो लघवीतून माणसालाही होतो. अंथरूण हातमोजे घालून धुवा, कुत्रीची दरवर्षीची लस चुकवू नका.

डायपर फक्त घरात किंवा गाडीत, तीन-चार तासांपुरता. बाळाचा डायपर वापरलात तर शेपटीसाठी कापलेल्या भोकाच्या कडेला चिकटपट्टी लावा, नाहीतर आतला जेल बाहेर येतो आणि कुत्री तो चाटते. डायपर फाडून गिळला तर आतडं तुंबतं. कामावर, उन्हात, एकटी असताना डायपर अजिबात नाही.

काम मात्र बंद करू नका. वास शोधणारी कुत्री झिरपत असली तरी तिचं नाक शाबूत असतं. उड्या आणि उंच चढणं तेवढं काढून टाका. राखणीच्या कुत्रीला रात्रीची अर्धी पाळी तरण्या कुत्र्याबरोबर द्या. आणि ओल्या अंथरुणावरून रागावू नका. ती झोपेत होती, तिला काही कळलेलं नसतं, आणि मार खाल्लेली कुत्री पुढे लघवी लपून करायला लागते, मग नमुना तर दूरच, डागही सापडत नाही.

औषधाने चार-सहा महिने कोरडी राहिलेली कुत्री पुन्हा ओली दिसू लागली तर मनाने डोस वाढवू नका. आधी लघवी तपासा. बऱ्याचदा स्नायू तसाच असतो आणि मध्येच नवा संसर्ग झालेला असतो.