नेपाळ स्वारी, नोंद चौथी : एक एंडोर्समेंट मिळाले, दुसरे अडले

मोटारसायकलने नेपाळातल्या मुक्तिनाथला जायचे आहे; गाडीचा विमा तिथेही लागू व्हावा यासाठीच्या ज्या दोन कागदांपाशी मागच्या नोंदीत गाडे अडले होते, त्यांतला एक परवा हाती आला. माझ्या एक्सपल्स मोटारसायकलच्या थर्ड पार्टी पॉलिसीला (दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा विमा) जोडलेल्या एकपानी एंडोर्समेंटवर (पॉलिसीतील बदलाची पुरवणी) भौगोलिक क्षेत्राच्या रकान्यात आता भारतासोबत नेपाळचे नाव आहे, खाली ‘आयएमटी १’ असा या विस्ताराच्या कलमाचा उल्लेख आहे आणि चेसिस क्रमांकाचा प्रत्येक अंक आरसीशी जुळतो. दुसरा कागद, म्हणजे ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा), मात्र हललेला नाही, आणि त्यापायी प्रवासाचा महिनाच बदलावा लागेल असे दिसते.

सीमेवर हा विषय कोणी काढत नाही, हीच यातली खरी मेख आहे. उत्तर प्रदेशातील सुनौलीची सीमा ओलांडून पलीकडच्या बेलहियाच्या भन्सार (सीमाशुल्क) कार्यालयात आरसी, लायसन्स आणि ओळखपत्र दाखवायचे, जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचे शुल्क भरायचे आणि पावती जपून ठेवायची, एवढ्यावर भारतीय दुचाकी आत जाते. वर्षाला तीस दिवसांची मर्यादा आहे, कार्नेट (गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचे सीमाशुल्काचे हमीपत्र) लागत नाही, व्हिसा तर नाहीच. त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक व्हिडिओ भन्सारच्या खिडकीपाशी समाधानाने संपतात. परंतु आपली मोटर पॉलिसी मुळात भारतापुरतीच असते, आणि नेपाळात मुगलिंगच्या बाजूला एखाद्या ट्रकने घासले, तर सगळा खर्च खिशातून जाणार, हे त्यांत कोणी सांगत नाही.

यावरचा उपाय जुना आहे. २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफमध्ये (वाहन विम्याचे दर आणि अटींची नियमावली) भौगोलिक क्षेत्र वाढवण्याची तरतूद असून तीत नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान हे देश येतात. पॅकेज पॉलिसीला (दोन्ही विमे एकत्र) ५०० रुपये आणि केवळ लायबिलिटी पॉलिसीला (नुसती थर्ड पार्टी) १०० रुपये असा दर तिथे दिलेला आहे. गाडी विमानाने किंवा जहाजाने नेताना होणारे नुकसान त्यातून वगळलेले आहे, पण आपण चाकांवरच जाणार असल्याने तो प्रश्न येत नाही.

मग अडते कुठे? सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो आणि सप्टेंबर २०१९ पासून ओन डॅमेजची पॉलिसी स्वतंत्रपणे, दुसऱ्या कंपनीकडूनही घेता येते. माझी गाडी २०२२ ची आहे, शोरूमने दिलेली थर्ड पार्टी एका कंपनीची आणि पुढे ऑनलाइन घेतलेली ओन डॅमेज दुसऱ्या कंपनीची. टॅरिफ लिहिले गेले तेव्हा नुसत्या ओन डॅमेजची पॉलिसी अस्तित्वातच नव्हती, आणि माझ्या मते सारा घोळ तिथूनच निघतो. यवतमाळच्या एजंटाने ही सोय फक्त चारचाकीला असते असे ठासून सांगितले. टॅरिफमधील जनरल रेग्युलेशन ४ चा हवाला देऊन थेट कंपनीला ई-मेल धाडल्यावर मात्र शंभर रुपये अधिक जीएसटी भरून वरील पान आले. दुसऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये तसा पर्यायच नाही, आणि हेल्पलाइनवरील मुलीने अत्यंत नम्रपणे मला ट्रॅव्हल इन्शुरन्स घेण्याचा सल्ला दिला. त्यात माझे हाड मोडले तर खर्च मिळेल, गाडीचा पुढचा चिमटा (फोर्क) वाकला तर काय, याला तिच्याकडे उत्तर नव्हते.

हे लिहिता लिहिताच एक वाट सुचली. ओन डॅमेजची मुदत जानेवारीअखेर संपते. नूतनीकरण थर्ड पार्टीवाल्या कंपनीकडेच केले, तर दोन्ही कागद एका छताखाली येतील आणि विस्तार पहिल्या दिवसापासून पॉलिसीतच मागता येईल. तसे झाल्यास दसरा-दिवाळीनंतरचा बेत मोडून मार्चअखेर निघावे लागेल. नोव्हेंबरात तिकडचे आकाश स्वच्छ असते हे खरे, पण त्याच वेळी आमच्या दारव्हा भागात कपाशीची वेचणी ऐन भरात येते, मजूर मिळत नाहीत, आणि फुटलेली बोंडे पऱ्हाटीवर सोडून मुलगा मुक्तिनाथला निघाला हे बाबांना मुळीच पटलेले नव्हते. मार्चअखेर हरभरा घरात आलेला असेल. त्याची किंमत म्हणजे जबलपूर ते प्रयागराज उन्हात आणि पोखऱ्यात वणव्यांचा धूर. माछापुच्छ्रे शिखर कदाचित दिसणारच नाही. तरीही अर्धवट विम्यापेक्षा मला धूर परवडेल.

मुक्तिनाथच्या वाटेवरील काली गंडकी नदीच्या खोऱ्यातला वारा मात्र कोणत्याही महिन्यात चुकत नाही. दुपारी तो इतका वाढतो की त्याच खोऱ्यातल्या जोमसोमची विमाने सकाळीच उरकतात. म्हणून पोखऱ्याहून एका दमात जोमसोम गाठण्याचा जुना आराखडा रद्द करून तातोपानीला मुक्काम घालतो आहे, म्हणजे पहाटे निघून अकराच्या आत वरचा उघडा पट्टा पार होईल.

बॅगा लावायच्या रॅकचे काम मनासारखे झाले. तयार सॅडल स्टे (बॅगांना आधार देणारी चौकट) महाग पडत होता आणि त्याचे नट हलके वाटले, म्हणून गावच्या वेल्डिंगवाल्याकडून पाइप वाकवून घेतला. त्याने कल्टिव्हेटरच्या फणाला लावतात तसा आडवा टेकू स्वतःहून दिला, आणि पांदण रस्त्यावर दोन्ही बॅगांत ज्वारी भरून नेली तरी काही हलले नाही.

साधनांबद्दल थोडे. होरायझन्स अनलिमिटेड या मोटारसायकल प्रवाशांच्या संकेतस्थळावर सीमांची माहिती भरपूर आहे, पण ती मुख्यतः दुरून येणाऱ्यांच्या नजरेने लिहिलेली असल्याने आपल्याला चाळून घ्यावी लागते. ऑफलाइन नकाशांत ऑर्गॅनिक मॅप्स हलके आहे, तरी चढउतार पाहायला मी ओस्मअँड हे ॲपच ठेवणार. ओळखपत्राबाबत पुन्हा एकदा : १५ ते ६५ वयोगटाला आधार चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच सोबत घ्यावे.

थर्ड पार्टीवाल्या कंपनीला आयएमटी १ सह ओन डॅमेजचे कोटेशन लेखी मागितले आहे. नुसत्या ओन डॅमेजवर हे एंडोर्समेंट कोणी प्रत्यक्ष मिळवले असल्यास पॉलिसीतील त्या ओळीचे शब्द जसेच्या तसे कळवावेत, म्हणजे पुढच्या ई-मेलमध्ये तेच घालता येतील.