पांढऱ्या व्हॅनमधले स्पीकर

पार्किंगमध्ये गाडीची डिकी बंद करत होतो तेवढ्यात बाजूला एक पांढरी व्हॅन येऊन थांबली. दोन पोरं, अंगात कंपनीचे टीशर्ट, गळ्यात आयकार्ड, एकाच्या हातात चलनबुक. "दादा, घरी होम थिएटर आहे का?" मी नाही म्हटलं तसा तो जवळ आला आणि आवाज खाली करून सांगायला लागला की आम्ही एका हॉलचा माल टाकायला निघालोय, गोडाऊनवाल्याने चुकून दोन सेट जास्त चढवले, चलनावर चारच आहेत, परत नेले तर जमा करावे लागतील, त्यापेक्षा तुम्हीच घेऊन टाका, आमची पण थोडी वरकमाई होईल.

खरं सांगायचं तर तिथेच मला निघायला हवं होतं, कारण माल त्यांचा नाही हे तो स्वतःच सांगत होता. पण बाबांना कमी ऐकू यायला लागलंय, त्यांना जुनी गाणी नीट ऐकता यावीत म्हणून मी बरेच दिवस चांगले स्पीकर बघतच होतो आणि ते माझ्या बजेटच्या बाहेर होते. त्याने गुळगुळीत ब्रोशर दाखवलं, मोबाईलवर कंपनीची वेबसाईट उघडून किंमत दाखवली. डेमोचा एक स्पीकर मी हातात घेतला, चांगला जड लागला. बॉक्स उघडायचा नाही म्हणे, सील तुटलं की वॉरंटी जाते. घासाघीस करून छापील किमतीच्या पाचव्या हिश्श्यात सौदा ठरला, कॅश नव्हती तर एक जण माझ्यासोबत एटीएमपर्यंत आला. बिल मी मागितलं नाही.

घरी लावले. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले. आवाज अर्ध्यावर नेला आणि गाणं फाटायला लागलं, बेस म्हणून नुसती घरघर. बाबा म्हणाले "छान आहे रे", आणि ते ऐकून मला जास्त वाईट वाटलं.

रात्री स्क्रू काढले. समोरून चार ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे गोल पडदे, दिसत होते, त्यातल्या दोघांना मागे वायरच नव्हती. बाकीच्यांचे मॅग्नेट नाण्याएवढे. क्रॉसओव्हरचं काम असतं जड आवाज वूफरला आणि बारीक आवाज ट्वीटरला वाटून द्यायचं, इथे त्या जागी एकच कपॅसिटर डकवलेला. आणि तळाला सिमेंटचा ठोकळा चिकटवला होता, तो जडपणा त्याचाच. बॉक्सवर २००० वॅट छापलेत, खाली बारीक अक्षरात पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची म्हणून सांगितलेली कमाल ताकद. या आकड्याला कुठलंही ठरलेलं मोजमाप नाही, बघायचा असतो तो आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकतो ती ताकद, आणि तो बॉक्सवर कुठेच नव्हता.

मग शोधलं तर कळलं की हा धंदा जुना आहे, अमेरिकेत १९८० च्या दशकापासून चाललाय, तिथून कॅनडा, युरोप, ऑस्ट्रेलियापर्यंत गेलाय, आणि याला 'व्हाईट व्हॅन स्पीकर स्कॅम' असं नावच पडलंय. व्हॅन, जास्तीचा माल, ब्रोशर, एटीएम, सगळं तेच. ब्रँडचं नाव एखाद्या नावाजलेल्या कंपनीसारखं वाटेल असं ठेवतात आणि बोभाटा झाला की बदलतात.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ही गोष्ट अशी रचलीय की घेणाऱ्यालाही थोडं चोरटं वाटावं. चुकून आलेला माल आपण गुपचूप घेतलाय, मग तक्रार कुठल्या तोंडाने करणार? मीही तीन आठवडे गप्प बसलो, बायकोलासुद्धा खरी रक्कम सांगितली नाही. आणि गोडाऊनची चूक वगैरे काही झालीच नव्हती, तो माल पहिल्यापासून असाच विकायला बनवलेला होता.

परवा तिला सगळं सांगितलं आणि काल जाऊन तक्रार दिली. व्हॅनच्या नंबरातले शेवटचे दोनच आकडे आठवत होते, तेवढे लिहून दिले, ठोकळ्याचे आणि वायर नसलेल्या ड्रायव्हरचे फोटो जोडले. तक्रार घेणाऱ्यांनी विचारलं, बिल आहे का. नाही म्हटलं, त्यांनी तसंच लिहून घेतलं.