नॉम पेन्हची खरेदी: घोडं अडलं निळ्या खड्यापाशी

कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये, कापडाचं काम भराभर उरकलं. तुओल तोम पूंग बाजारात, म्हणजे रशियन मार्केटात, सुती क्रामा (तिथला चौकडीचा पंचा) आणि रेशमी होल (नक्षीदार कापड) दोन्ही मिळतं. होलचं तंत्र आपल्या पोचमपल्लीच्या इकतसारखंच: धागा आधी बांधून रंगवायचा, मग विणायचा. त्यामुळे नक्षीच्या कडा जराशा विसकटलेल्या हव्यात. कडा रेघेसारख्या स्वच्छ आणि मागची बाजू पांढुरकी असेल तर ती छपाई, पुढे चला.

वैताग आणला तो निळ्या झिरकॉननं. (आपल्याकडे अमेरिकन डायमंडलाही झिरकॉन म्हणतात, हा खडा वेगळा, जमिनीतून निघणारा.) रतनाकिरी प्रांतातला दगड मुळात तपकिरी असतो, भट्टीत तापवल्यावर निळा होतो. यात लपवण्यासारखं काहीच नाही. तरी एका दुकानानं दिलेल्या कागदावर नुसतं 'नॅचरल'! 'तापवलेला' एवढं लिहून द्या म्हटलं, तर आधी चहा, मग "लिहिणारा माणूस उद्या येईल", दुसऱ्या दिवशी "शिक्का घरी राहिला". वर हिरा तपासायचं पेन खड्याला लावून दाखवतात. ते हिऱ्यासाठी असतं, झिरकॉनची ओळख त्यातून पटत नाही. दुकानानं आपल्याच मालाला दिलेल्या दाखल्याला किंमत ती काय? कॅरटमध्ये वजन, मिलिमीटरमध्ये माप आणि तापवल्याची नोंद, हे तिन्ही कागदावर आल्याशिवाय पाकीट उघडू नका. मी उघडलं नाही.

वजन-मापाचा हट्ट उगाच नाही. झिरकॉनचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड, ते) ४.७ च्या आसपास, टोपाझचं ३.५. त्याच मापाचा, त्याच घाटाचा निळा टोपाझ बराच हलका भरतो, आणि हीच अदलाबदल सोपी.

दहापट भिंग जवळ ठेवा. वरच्या सपाट पैलूतून सरळ बघून उपयोग नाही. बरेच कारागीर खडा असा कापतात की तिथून काही कळू नये. खडा तिरका धरून बाजूच्या पैलूंतून तळाच्या कडा बघा. झिरकॉनमध्ये प्रत्येक कड जोडीनं दिसते. काच, कृत्रिम स्पिनेल, अमेरिकन डायमंड यांत एकेकटीच.

शेवटी बाजारातल्याच एका बाईंनी कुरकुर न करता साध्या बिलावर तिन्ही गोष्टी हातानं लिहून दिल्या. पाच मिनिटांचं काम!

रेशमाचं एक राहिलं: पदराच्या टोकाचा एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा. केस जळल्याचा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे रेशीम. कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. आणि खड्यांचंही एक: कंबोडियातल्याच पैलिनचा म्हणून माणिक दाखवला आणि भिंगाखाली आत वक्र रेघा दिसल्या, तर तो कारखान्यातला.

डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, जरा फाटलेली असली तरी परत करतात. सुटे रिएलमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, येतात, डॉलरला साधारण ४,००० धरून. आणि तापवलेला झिरकॉन ठिसूळ असतो, एका पुडीत दोन खडे ठेवले तर एकमेकांवर घासून पैलूंच्या कडा झिजतात. प्रत्येकाला वेगळा कागद मागून घ्या.