लपाछपी का नाही, तुम्ही विचारलंत म्हणून

"तुमच्याकडे लपाछपी का खेळू देत नाहीत हो?" जाऊबाईंनी विचारलं, बिल्डिंगमधल्या आयांनी विचारलं, पोराच्या वाढदिवसाला आलेल्या सहा मुलांनी तर एका सुरात विचारलं. प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलंय. फरशी गुळगुळीत आहे. खालच्यांना आवाज जातो. डब्यांच्या घाईत पोरं पायात येतात. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तिन्ही थापा आहेत.

आधी एक सांगून टाकते, कारण "हिलाच खेळायचा कंटाळा" हेही माझ्या कानावर आलंय. मी खेळते. आमच्याकडे परातीतला पूर असतो. परातीत मधोमध कणकेचा दुतोंड्या मारुती, आमच्या नाशकात गोदावरीचा पूर ज्याच्यावरून मोजतात तो, आणि तांब्या म्हणजे गंगापूर धरण. पोरगा "पाणी सोडलं!" म्हणून ओरडतो आणि मी गंगेवरची, म्हणजे गोदावरीवरची, वर्दी देते: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये मारुती खराखुरा बुडाला होता, तेव्हा पोरगा जन्मलाही नव्हता. पण ती गोष्ट एकदा ऐकली आणि आता मारुती बुडाल्याशिवाय त्याचं जेवण होत नाही. कणकेचा असल्याने दोन पुरांत विरघळतो, मग नवा करायचा. आंधळी कोशिंबीर आहे, पत्त्यांचा बंगला आहे, भातुकलीत तर खऱ्या लाह्या असतात. तेव्हा कंटाळ्याचं बोलू नका.

तो चार वर्षांचा व्हायचा होता, त्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही उंटवाडीला राहतो, दोन खोल्या आणि किचन. हे अंबडला कंपनीत, फर्स्ट शिफ्ट असली की सकाळी सहाला घराबाहेर. मी अठरा डबे करते, ते साडेअकराला निघायला हवेत. पावसाने चार दिवस उघडीप दिली नव्हती. त्यातच नणंदेने जागतिक आरोग्य संघटनेचं ते पत्रक पाठवलं होतं: तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसात किमान १८० मिनिटं हालचाल झाली पाहिजे, त्यातली ६० चांगली दम लागेल अशी, आणि स्क्रीन तासाभराच्या वर नको. वाचायला सोपं आहे. एकशे ऐंशी मिनिटं या दोन खोल्यांत कुठे आणि कशी करायची, ते पत्रकात नव्हतं. मोबाईल देत नाही म्हणून मिरवायची हौस मलाही होतीच.

म्हणून लपाछपी. राज्य कायम माझ्यावर, कारण राज्य घेऊन पोळपाटापाशी उभं राहता येतं. लहानपणी आमच्यात तीन वर्षांचं पोर म्हणजे कच्चं लिंबू, त्याला सगळं माफ. इथे खेळायला आम्ही दोघंच, मग लिंबू कसलं? मी मोठ्याने आकडे म्हणत लाटायचे. शंभरपर्यंत. खरं तर शंभरच्याही पुढे, कारण त्याला विसापुढे येत नव्हतं आणि एकोणतिसावरून मी हळूच पुन्हा एकविसावर यायचे. मग पदर झटकत "कुठे गेलं बाई माझं सोनं" करत फिरायचं. जागा तीनच: दाराचा पडदा, वॉशिंग मशीनमागे, टेबलाखाली. बऱ्याचदा तर खोलीच्या मधोमध उभा राहून स्वतःचे डोळे मिटायचा. त्याला मी दिसत नाही म्हणजे मलाही तो दिसत नाही, असा हिशोब.

पण शोधायलाही वेळ लागतो. तवा तापलेला असायचा. म्हणून मी एक युक्ती काढली. "राज्य संपलं रे, ये बाहेर, लाडू देते!" आला की धप्पा. पहिल्यांदा फसला तेव्हा हसला. दुसऱ्यांदा चिडला. तिसऱ्या वेळेपासून आलाच नाही, श्वास रोखून बसायचा. मला कौतुक वाटलं, पोरगं हुशार होतंय म्हणून. ते कौतुक मी फोनवर आईलाही सांगितलं होतं.

त्या दिवशी मी मोजायला लागले आणि एका गिऱ्हाइकाचा फोन आला, मागच्या महिन्याचे पैसे बुडवणारा. त्याच्याशी वाद झाला. मग गॅस संपला, सिलिंडर बदलला. डबे न्यायला येणारा मुलगा लवकर आला, दार उघडं ठेवून दोनदा खाली-वर केलं त्याने. माझ्यावर राज्य आहे, हे मी विसरले. इतकं साधं आहे ते. अर्धा तास तरी गेला असेल. शेवटचा डबा गेला आणि घर शांत आहे, हे लक्षात आलं.

पडदा, मशीन, टेबल. नाही. हाक मारली. नाही. "राज्य संपलं, ये." नाही. "लाडू देते." हे म्हणतानाच कुठेतरी पोटात कळलं होतं, पण दार उघडं दिसलं आणि डोकं बंद पडलं. तशीच अनवाणी खाली उतरले. नासर्डी, आता नंदिनी म्हणायचं तिला, आमच्यापासून दोन मिनिटांवर. एरवी तिच्यात गटाराएवढं पाणी, त्या दिवशी गढूळ आणि भरलेली. मी पुलावर गेले. कठड्याला धरून पाण्याकडे बघत होते. काय बघत होते, ते लिहिणार नाही.

शेजारच्या काकू तोवर आमच्या घरात शिरल्या होत्या. त्यांना दिवाणाच्या फळीखालून गोधडीचं टोक बाहेर आलेलं दिसलं. त्या टोकामुळेच फळी पूर्ण बसली नव्हती, दोन बोटांची फट राहिली होती. काकूंनी फळी उचलली, तर हा आत गोधड्यांत घामाने निथळत बसलेला, जागा. त्यांना बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं. शू. आईला सांगू नका.

मी पुलावरून परत आले आणि त्याच्या थोबाडीत मारली. काकूंसमोर. दोनदा. काकू तेव्हा काही बोलल्या नाहीत आणि नंतरही कधी बोलल्या नाहीत. तुम्हाला मी सांगत फिरले की पोरगा खेळता खेळता झोपून गेला होता, आम्ही किती हसलो. आम्ही हसलो नव्हतो. तो झोपलाही नव्हता. माझी प्रत्येक हाक त्याने ऐकली होती आणि खोटी धरली होती.

त्या रात्री मी मोबाईलवर वाचत बसले. अमेरिकेत पूर्वी फ्रिजच्या दाराला खटका असायचा. दार आतून उघडत नसे. लपायला आत गेलेली मुलं गुदमरून जायची, म्हणून १९५६ साली कायदा झाला की फ्रिज आतून ढकलला तर उघडला पाहिजे. आपल्या फ्रिजला ती चुंबकाची रबरी पट्टी असते ना, ती अशी आली. आमचा दिवाण बनवताना सुताराने आतून उघडायचा विचार केला नव्हता. मीही नव्हता केला. मी फक्त "एवढ्यात किती गाद्या मावतील" ते विचारलं होतं.

तर लपाछपी बंद. हे म्हणतात, दिवाणाला कुलूप लाव आणि खेळ, चूक खेळाची नव्हतीच. बरोबर आहे. पण चूक दिवाणाचीही नव्हती, आणि ती जिची होती तिला कुलूप कसं लावायचं? मी तेव्हाच्या मला पुष्कळ भांडून झाले. ती म्हणते, अठरा डबे तुझा बाप करणार होता का? याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. ती मोबाईल देती तर हे झालं नसतं, असंही कधी कधी वाटतं आणि मग स्वतःचाच राग येतो.

तो आता पाच वर्षांचा आहे. सिन्नरला आजोळी खेळतो, येऊन मला जागा सांगतो: धान्याच्या कोठीमागे, गोठ्यात. मी ऐकते. मे महिन्यात तिथे मी त्याला जेवायला हाक मारली, तर लगेच आला नाही. खेळात होता म्हणून, की माझी हाक होती म्हणून, ते मी विचारलं नाही.

जाऊबाई, दिवाळीला मुलांना घेऊन या. खेळू देईन की नाही, माहीत नाही. दिवाणाला कुलूप आहे. किल्ली मसाल्याच्या डब्यात, हळदीच्या वाटीखाली ठेवलीये. ती जागा त्याला ठाऊक आहे.