तळपायांची आग आणि नॉर्मल रिपोर्ट

तळपायांची आग होते, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही, मधेच बोटांतून करंट बसल्यासारखी सणक जाते. तपासण्या होतात, सगळं नॉर्मल येतं आणि ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवलं जातं. रिपोर्ट खोटा नसतो. फक्त नसांमधले जे तंतू दुखताहेत त्यांची तपासणी त्यात झालेलीच नसते.

एनसीव्ही चाचणीत त्वचेवर विजेचे हलके झटके देऊन नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. हे मोजमाप जाड तंतूंचं असतं. स्पर्श, कंप, स्नायूंची हालचाल ही त्यांची कामं. वेदना आणि गरम-थंड यांची जाणीव बारीक तंतू वाहून नेतात, आणि ते या यंत्राला दिसतच नाहीत. म्हणून पायात ताकद आहे, हातोडी मारल्यावर पाय उडतो, एनसीव्ही उत्तम आहे आणि तरीही पाय भाजताहेत, हे सगळं एकाच वेळी खरं असू शकतं. याला स्मॉल फायबर न्यूरोपथी म्हणतात.

ती पक्की करायची तर त्वचेची बायोप्सी करतात. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडापासून १० सेंटिमीटर वर, जागा बधिर करून ३ मिलिमीटरचा तुकडा काढतात; टाका सहसा लागत नाही. वरच्या थरात किती तंतू उरलेत ते मोजून वय आणि लिंगानुसार ठरलेल्या आकड्यांशी ताडून पाहतात. बऱ्याचदा मांडीवरूनही एक तुकडा घेतात. घोट्याला तंतू कमी आणि मांडीला पुरेसे असतील, तर सर्वांत लांबचे तंतू आधी झडताहेत हा नेहमीचा प्रकार. माझ्या मते ही बायोप्सी प्रत्येकाने करायलाच हवी असं नाही. निदानाबद्दल शंका असेल तर ती उपयोगी. नाहीतर निकाल काहीही आला तरी गोळ्या बहुधा त्याच राहतात.

‘कारण सापडत नाही’ हे मान्य करण्याआधी कारण नीट शोधलंय का, ते पाहावं. नुसती उपाशीपोटीची साखर पुरत नाही. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) हवं आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनीही साखर बघायला हवी; हा दुसरा आकडा १४० ते १९९ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असेल तर ती मधुमेहाच्या अलीकडची पायरी, आणि काहींचे पाय तिथेच जळायला लागतात. व्हिटॅमिन बी १२ ‘रेंजमध्ये’ पण खालच्या टोकाला असेल तर मिथाइलमॅलोनिक आम्ल तपासून घ्यावं, कारण रक्तात आकडा बरा दिसूनही पेशींना ते कमी पडत असू शकतं. मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी तर नक्कीच. याशिवाय थायरॉइड, किडनी, रक्तात असामान्य प्रथिनं आहेत का ते पाहणारी इम्युनोफिक्सेशनसह प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, शोग्रेन (डोळे-तोंड कोरडं पाडणारा आजार) आणि सीलिएक (गव्हातलं ग्लुटेन न सोसणं) यांच्या अँटिबॉडी, एचआयव्ही, हिपॅटायटिस सी यांच्या तपासण्या. दारू किती आणि किती वर्षं, हे डॉक्टरांना खरं सांगावं. कर्करोगाची काही औषधं, क्षयरोगावरचं आयसोनियाझिड, लिनेझोलिड आणि लांबलेलं मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिक्स, यांचाही इतिहास द्यावा.

एक उलटा धोका व्हिटॅमिन बी ६ चा आहे. ‘नसांच्या ताकदीच्या’ गोळ्यांत ते भरपूर असतं आणि मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर तेच नसा खराब करतं. दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्या चालू असतील तर लेबलं वाचून एकूण बेरीज करावी.

दुखणं एकाच पायात असेल तर वाट वेगळी. घोट्याच्या आतल्या बाजूला टिचकी मारल्यावर तळव्यात झिणझिण्या गेल्या तर तिथे नस दबलेली असू शकते. कमरेतूनही कळ उतरते. सकाळच्या पहिल्या पावलाला टाच ठणकत असेल तर ते बहुधा नसांचं दुखणं नव्हेच.

एवढं करूनही बऱ्याच लोकांचं कारण सापडत नाही. पण उपचार त्यासाठी अडत नाही.

पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेनचा इथे फारसा उपयोग नाही. सूज हे मूळ नसताना सूज उतरवून काय होणार? कामाची औषधं मूळची नैराश्याची किंवा फिट्सची आहेत, म्हणून चिठ्ठी पाहून दचकू नये. अमिट्रिप्टिलीन रात्री १० मिलिग्रॅमने सुरू करून हळूहळू वाढवतात. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, आणि काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते आधी सांगायलाच हवं. ड्युलॉक्सेटीन ३० वरून ६० मिलिग्रॅमवर नेतात. पहिल्या आठवड्यातली मळमळ जेवणानंतर घेतल्यास कमी होते. प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिनने गुंगी येते, पायांवर सूज येऊ शकते, आणि किडनी कमजोर असेल तर मात्रा घटवावी लागते. ओपिऑइड (अफूच्या जातीच्या वेदनाशामक) गोळ्यांसोबत ही औषधं घेतली तर श्वास मंदावण्याचा धोका असतो.

उपचार फसतो तो बहुधा अशा ठिकाणी: सुरुवातीची छोटी मात्रा दोन आठवडे घेतली, फरक नाही, सोडली, दुसरी सुरू. याला औषध लागू पडलं नाही असं म्हणता येत नाही. सोसवेल तितक्या पूर्ण मात्रेवर चार ते सहा आठवडे गेल्यावरच निकाल लावावा. आणि निकाल आठवणीवर नको: रोज झोपण्यापूर्वी ० ते १० मध्ये एक आकडा वहीत लिहावा. सरासरी ७ वरून ५ वर आली तर औषध काम करतंय. शून्याची अपेक्षा ठेवली तर चांगलं औषधही हातचं जातं. बंद करतानाही एकदम तोडू नये, टप्प्याटप्प्याने उतरवावं.

कॅप्सेसिनचं (मिरचीतला तिखट घटक) ०.०७५ टक्क्यांचं मलम दिवसातून तीन-चारदा, हातमोजे घालून, न फुटलेल्या त्वचेवर लावतात. सुरुवातीचे काही दिवस आग वाढते आणि तिथेच बहुतेक जण नाद सोडतात. मधूनमधून लावून तर नुसती जळजळच पदरी पडते.

रात्री दिवसभराचे व्यवधान संपते आणि पांघरुणात पाय तापतात, म्हणून तेव्हा त्रास जास्त. पायथ्याशी एक मजबूत खोकं ठेवून पांघरूण त्यावरून सोडलं की कापड बोटांना टेकत नाही. गार पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवायला हरकत नाही, पण बर्फ नको. बर्फाच्या पाण्याने बरं वाटतं, मग ते पुन्हा पुन्हा केलं जातं, त्वचा भिजून फाटते आणि बधिर पायाला ते कळतही नाही. गरम पाणी आधी हाताच्या कोपराने तपासावं, पायाने कधीच नाही.

मोजे शिवण नसलेले किंवा उलटे घातलेले बरे. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्यावेत आणि घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. आरशात तळवे रोज पाहावेत. चालणं बंद करू नये. एक तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करावेत, किंवा सायकल, पोहणं.

वर्षातून एकदा साखर आणि बी १२ पुन्हा तपासावं. पाय उचलता न येणं, काही दिवसांत झपाट्याने वर चढणारा बधिरपणा, किंवा बसण्याच्या जागेची जाणीव जाऊन लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी इमर्जन्सीत जायचं.