आत्याचा कुळवृक्ष

गेले काही दिवस घरात कुळवृक्षाचं काम चाललंय. गणपतीच्या चवथीला सगळे फोंड्याच्या मूळ घरी जमणार, तेव्हा तो फ्रेम करून भिंतीवर लागला पाहिजे असं काकांचं म्हणणं. नावं लिहायचं काम माझ्याकडे कारण माझं अक्षर बरं आणि थोडंफार ड्रॉईंग येतं. पद्धत जुनीच, मुलग्यांच्या फांद्या पुढे जातात, मुलीचं नाव आलं की फांदी तिथेच संपते, आणि आत्याचं तर लग्नच झालेलं नाही म्हणून तिचं नाव घालायचं की नाही इथपासून चर्चा. मला खरंच राग येतो. आपल्या गोव्याच्या कायद्यात मुलगा मुलगी दोघांना वारसा सारखा, घराच्या कागदांवर आत्याचं नाव बाबा आणि काकांच्या बरोबरीने आहे, मग कागदावर चालतं ते भिंतीवर का चालू नये?

आत्या जन्मापासून बहिरी. घरात सगळे तिच्याशी खुणांनी बोलतात, म्हणजे जेव, ये, पाऊस, पैसे, देव एवढंच. त्या खुणा आजीने आणि तिने मिळून तयार केलेल्या, घराबाहेर कोणाला कळणार नाहीत. खरी साईन लँग्वेज ती बोर्डिंगच्या शाळेत शिकली, आणि तीही वर्गात नाही. वर्गात हात हलवले की पट्टी बसायची, ओठ वाचा आणि तोंडाने बोला. १८८० साली इटलीत मिलानला शिक्षकांची एक परिषद भरली होती, जवळजवळ सगळे ऐकू येणारेच, त्यांनी ठराव केला की बहिऱ्या मुलांना तोंडी पद्धतीनेच शिकवायचं, आणि ते खूळ जगभर पसरलं. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत त्याबद्दल खेद व्यक्त झाला, तोवर आत्याची पन्नाशी जवळ आलेली. तिची भाषा तिला मोठ्या मुलींनी दिली, रात्री. दिवे गेले की हात दिसत नाहीत, म्हणून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड जिथे पडायचा त्या एका खिडकीपाशी सगळ्या जमायच्या.

त्यातलीच एक आता म्हापशाला टेलरिंग करते. आत्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्री तीच राहिली, डॉक्टर काय म्हणतात ते तिच्या मुलाने आत्याला साईन करून सांगितलं (त्याला ऐकू येतं, पण आईवडील दोघंही डेफ, म्हणून साईन त्याला बोलण्याच्या आधी आली). तरी पासवर फक्त नातेवाईक असं लिहिलेलं म्हणून गेटवर तिला अडवून ठेवलं होतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात साईन लँग्वेज आलीये, सरकारी डिक्शनरीत २०२१ पासून १०,००० शब्द आहेत, पण गेटवरच्या माणसापर्यंत यातलं काय पोचतं?

मी त्या डिक्शनरीचे व्हिडिओ बघून आणि आत्याला विचारून विचारून शिकतेय. हाताइतकाच चेहरा लागतो हे कळायला वेळ लागला, भुवया जागच्या जागी राहिल्या तर प्रश्न विचारलाय की नुसतं सांगितलंय हेच कळत नाही.

तर परवा मी चार्ट घेऊन बसलेली बघून आत्याने एक कोरा कागद ओढला आणि स्वतःचा कुळवृक्ष काढला. आपल्याकडे जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीची चित्रं असतात तसल्या तांबड्या रंगात. नाव एकही नाही, सगळे हात आणि चेहरे, कारण तिच्या जगात प्रत्येकाला नावाची एक खूण असते आणि ती आपली आपण ठेवायची नसते, डेफ लोकांनी द्यायची असते. मधोमध ती खिडकी. टेलरबाईंची खूण गालावर, तिथे तीळ आहे म्हणून. त्यांचा मुलगा, मडगावचा एक डेफ साईनबोर्ड पेंटर, आजी सगळ्यांपेक्षा मोठी. बाबा आणि काका आहेत पण बाजूला, लहान. माझी खूण डाव्या भुवईवर, स्कूटरवरून पडले होते त्याचा व्रण. मला बघताक्षणी रडू आलं.

ताळगावला युनिव्हर्सिटीत नेलं होतं तिला एकदा, सतीश गुजरालांनी डिझाईन केलेला कॅम्पस दाखवायला. लहानपणीच त्यांचं ऐकणं गेलं, पुढे चित्रकार झाले, मेक्सिकोला जाऊन शिकले, मग इमारतीही केल्या. हे सांगितलं तर आत्या परत परत विचारत होती, खरंच आपल्यातला? आपल्यातला म्हणजे काय ते तिच्या कागदावर आता मला दिसतंय.

काकांना चित्र दाखवलं. म्हणाले छान आहे गो, पण कुळ म्हणजे रक्त. मी म्हटलं, काका, सुना कुठे रक्ताच्या असतात? वरच्या पिढीत एक दत्तक आहेत, त्यांचं नाव तुम्हीच मला घालायला लावलंत. जी बाई रात्रभर उशाशी बसली तिला मग कुठे लिहायचं? त्यावर काका काही बोलले नाहीत, बाबा मात्र कागद हातात घेऊन आपली खूण कुठली ते आत्याला विचारत बसले.

माझं ठरलंय. गणपतीच्या वर फळं-पानं टांगून माटोळी बांधतात, तिच्यासमोरच्या भिंतीवर दोन्ही फ्रेम लागणार, सारख्या मापाच्या, आणि टेलरबाईंना घरच्यांसह चवथीचं आमंत्रण मी उद्याच व्हिडिओ कॉलवर करणार. नसेल चालत तर काकांनी चार्ट दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यावा.